उभे कुठे, बघता कुठे!

सह्याद्रीतले किल्ले इतिहासात वेगवेगळे असतात. फोटोंत मात्र ते सगळे एकच असतात. एक पाण्याचं टाकं, एक निम्मा ढासळलेला दरवाजा, शेंदूर फासलेला एक मारुती, तटावर पाय सोडून बसलेला एक गडी आणि मागे फिकट होत गेलेल्या निळ्या डोंगररांगा. ट्रेकहून आल्यावर हे फोटो कॉम्प्युटरवर ‘ट्रेक’, ‘ट्रेक नवीन’, ‘ट्रेक नवीन दोन’ आणि ‘सगळे ट्रेक नीट लावायचे आहेत’ अशा फोल्डरांत जातात आणि तिथेच मुक्काम ठोकतात. चार-पाच वर्षांनी दिवाळीत मंडळी जमतात, कोणीतरी टीव्हीला पेनड्राइव्ह लावतो, आणि चिवड्याच्या बश्यांवरून इतिहास संशोधनाला सुरुवात होते.

“हा तोरण्याचा बिनी दरवाजा.”

“काहीतरीच! कोरीगडचा गणेश दरवाजा आहे तो.”

“मग ते कुत्रं बघ. ते राजगडचं कुत्रं आहे.”

“कुत्री सगळ्या गडांवर असतात.”

“असतात ना. पण हे आपल्यामागे गुंजवण्यापासून आलं होतं. माझी चपाती खाल्ली होती त्यानं.”

“आणि तुझ्या अंगात तो निळा टी-शर्ट आहे. तो तू कोरीगडलाच फाडलास. म्हणजे हा फोटो कोरीगडच्या आधीचा.”

आमच्या ग्रुपमध्ये काळ टी-शर्टवरून ठरतो आणि स्थळ कुत्र्यावरून. या पद्धतीतून लागलेला निष्कर्ष कोणालाही मान्य नसतो, म्हणून ती गेली कित्येक वर्षं टिकून आहे.

अशा वादांना विटलेला एक सभासद प्रत्येक ग्रुपात निघतो. तो बहुधा बँकेतून निवृत्त झालेला असतो, हिशेब जुळला नाही की त्याला झोप येत नाही, आणि ग्रुप त्याला नुसतं ‘काका’ म्हणतो. एका पहाटे स्वारगेटला काका खिशातून एक काळी डबी काढतात आणि जाहीर करतात, “आता भांडणं बंद. हा जीपीएस लॉगर.”

डबी मुठीत मावेल एवढी. अशा बहुतेक डब्यांना पडदासुद्धा नसतो. एक बटण, एक-दोन लुकलुकणारे दिवे. ती फोटो काढत नाही, वाट दाखवत नाही, बोलत नाही. सबंध ट्रेकभर न बोलणारी ग्रुपमधली ती एकटीच. सॅकच्या वरच्या कप्प्यात बसून ती दर काही सेकंदांनी एक ओळ लिहिते: वेळ, अक्षांश, रेखांश, उंची. सोनीनं २००६ साली खास कॅमेरेवाल्यांसाठी अशी एक डबी काढली होती, ती दर पंधरा सेकंदांनी नोंद करायची. नंतर बऱ्याच कंपन्यांनी काढल्या, आणि त्यांतली एक फिरत फिरत आमच्या काकांपर्यंत आली.

“पण काका, फोन हे सगळं आपोआप करतो की,” असं ग्रुपमधलं एखादं कॉलेजचं पोरगं म्हणतं. म्हणू द्यावं. रेंज नसलेल्या खोऱ्यात टॉवर शोधता शोधता त्याचा फोन राजगडच्या चोर दरवाज्याच्या आधीच मान टाकतो, आणि मग ते पोरगं काकांच्याच मागे लागतं, “काका, मला पण तो ट्रॅक पाठवा ना.” शिवाय काकांच्या गळ्यातला भलामोठा कॅमेरा, ज्याच्या किमतीत एक बरी मोटारसायकल आली असती, त्याला आपण कुठे आहोत याचा पत्ताच नसतो. त्याला फक्त वेळ कळते. लॉगरला वेळही कळते आणि ठिकाणही. घरी आल्यावर दोघांना कॉम्प्युटरसमोर बसवायचं. फोटो म्हणतो, मी अकरा वाजून चार मिनिटांनी जन्मलो. सॉफ्टवेअर लॉगरची वही उघडून बघतं की अकरा वाजून चार मिनिटांनी स्वारी कुठे होती, आणि ते अक्षांश-रेखांश फोटोच्या पोटात लिहून टाकतं. थोडक्यात, हे पत्रिका जुळवण्याचं काम आहे. आणि पत्रिकेचा नियम इथेही लागू आहे: जन्मवेळ चुकली की ग्रह कितीही बलवान असोत, पुढचं सगळं भविष्य पाण्यात.

इथले ग्रह खरोखरच बलवान आहेत. जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर जीपीएसचे उपग्रह फिरतात. आपलं स्थान आणि वेळ काढायला त्यांतले निदान चार दिसावे लागतात. प्रत्येकात आण्विक घड्याळ. रेडिओलहर एका मायक्रोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या दहालाखाव्या भागात, तीनशे मीटर जाते. म्हणून तिथे तेवढीसुद्धा चूक चालत नाही. अमेरिकेच्या लष्करानं १९७८ साली यांतला पहिला उपग्रह सोडला, आणि पुढे अब्जावधी डॉलर घालून हा डोलारा उभा केला. आणि या साऱ्या डोलाऱ्याशी ज्याची वेळ जुळवायची, ते काकांच्या कॅमेऱ्यातलं घड्याळ दुकानदारानं विकताना अंदाजानं लावलेलं असतं. त्यानंतर त्याला कोणी हात लावलेला नसतो. बॅटरी बरेच दिवस बाहेर राहिली तर ते निमूटपणे एक जानेवारीला जाऊन बसतं.

चालणाऱ्या माणसाला हे घड्याळ फार छळत नाही. सपाटीवर ताशी चार किलोमीटरनं चाललात, तर मिनिटाच्या चुकीनं फोटो पासष्ट-सत्तर मीटर सरकतो. चढणीवर, आमच्या ग्रुपमधल्या वहिनींच्या वेगानं, दहा मीटरसुद्धा नाही. पण एसटीच्या खिडकीतून काढलेला फोटो तेवढ्याच चुकीत किलोमीटरभर पुढे जातो. गाडी जितकी वेगात, फोटो तितका खोटा.

खरी गंमत मिनिटांची नाही, साडेपाच तासांची आहे. लॉगर वेळ लिहितो ती जागतिक प्रमाणवेळ. आपलं घड्याळ तिच्या साडेपाच तास पुढे, कारण आपली वेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखावृत्तावर ठरते. ही गोष्ट सॉफ्टवेअरच्या कानावर घालावी लागते. घातली नाही, तर ते कॅमेऱ्याचे सकाळचे अकरा हे लॉगरचे अकरा धरतं, आणि लॉगरचे अकरा म्हणजे आपले दुपारचे साडेचार. मग राजगडच्या बालेकिल्ल्याच्या महादरवाज्यात, भगवा धरून, छाती पुढे काढून काढलेला ग्रुप फोटो नकाशावर पडतो नसरापूर फाट्यावर, मिसळीच्या टेबलाशी. आणि साडेचारला काढलेला मिसळीचा फोटो पडतो रात्री दहाच्या जागी, म्हणजे काकांच्या घरी, कोथरूडला, थेट पलंगाखाली. कारण सॅक तिथे फेकलेली असते आणि लॉगर अजून चालूच असतो.

काकू ते बघून एवढंच विचारतात, “हे मिसळ पलंगाखाली बसून खातात का?”

आपल्या वेळेचा हा अर्धा तास जगातल्या पुष्कळ लोकांना खटकतो. त्यांनी मुंबईची वेळ पाहायला हवी होती. मुंबईनं आपली वेगळी वेळ १९५५पर्यंत सोडली नव्हती, आणि ती भारतीय प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटं मागे होती. त्या काळी लॉगर असते, तर पुण्याच्या आणि मुंबईच्या ग्रुपनं एकाच कातळावर एकाच क्षणी काढलेले फोटो नकाशावर एकमेकांपासून दोन-अडीच किलोमीटरवर पडले असते, आणि दोन्ही ग्रुपना त्यात काहीच गैर वाटलं नसतं. आजही अन्नपूर्णा किंवा एव्हरेस्ट बेस कॅम्पला गेलेल्या मराठी मंडळींना नेपाळ पंधरा मिनिटांचा हिसका देतो. तिथली वेळ आपल्याही पाव तास पुढे. मनगटावरचं घड्याळ सगळे काठमांडूच्या विमानतळावर बदलतात. कॅमेऱ्याचं घड्याळ भारतातच राहतं.

यावर जाणकारांचा एक तोडगा आहे आणि तो फार सोपा आहे. निघतानाच जीपीएसवर किंवा फोनवर दिसणाऱ्या घड्याळाचा, सेकंदासकट, कॅमेऱ्यानं एक फोटो काढायचा. पुढे कॅमेरा कितीही मागेपुढे असला, तरी फरक किती ते त्या एका फोटोवरून कळतं. काका हे न चुकता करतात. सगळे पायथ्याच्या देवळाचे फोटो काढत असतात आणि काका फोन दगडावर ठेवून, त्यावर वाकून, श्वास रोखून त्याचा फोटो काढत असतात. गावातली पोरं भोवती जमतात. फोनला काहीतरी झालंय, अशी त्यांची समजूत होते.

जुन्या लॉगरांची आणखी एक तऱ्हा. जीपीएसचे उपग्रह तारीख आठवड्यांत मोजतात, ६ जानेवारी १९८० पासून, आणि १०२४ आठवडे झाले की पुन्हा शून्यापासून सुरुवात. एप्रिल २०१९ मध्ये हे चक्र दुसऱ्यांदा शून्यावर आलं. ज्या जुन्या डब्यांना ही गोष्ट कोणी शिकवली नव्हती, त्या सरळ एकोणीस-वीस वर्षं मागे गेल्या. २०१९च्या पावसाळ्यातला ट्रेक त्यांच्या वहीत १९९९ साली नोंदला गेला. ट्रेकला आलेल्या कॉलेजच्या मुलांपैकी काहींचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. अशांची पत्रिका जुळणार तरी कशी?

बरं, वेळ जुळली म्हणून जागा बरोबर येतेच असं नाही. १ मे २००० पर्यंत अमेरिका नागरी वापराच्या जीपीएसमध्ये मुद्दाम चूक मिसळायची, आणि शंभरेक मीटर इकडे-तिकडे होणं ही नेहमीची गोष्ट होती. शंभर मीटर हे अमेरिकेच्या मैदानी मुलखात काहीच नाही. आपल्याकडे शंभर मीटरमध्ये डोंगरधारेची बाजू बदलते, पाऊस बदलतो आणि तालुकाही बदलतो. इकडे आपण महाराष्ट्र दिन साजरा करत होतो, त्याच तारखेला अमेरिकेच्या अध्यक्षांनी ही मुद्दाम केलेली चूक थांबवल्याचं जाहीर केलं. आता मोकळ्या आकाशाखाली पाचेक मीटरपर्यंत अचूक जागा मिळते. पण पाच मीटरसुद्धा कुठले, हे पाहावं लागतं. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पोटावर झोपून खाली डोकावणाऱ्याचा फोटो पाच मीटर पश्चिमेला सरकला, तर तो माणूस नकाशावर अधांतरी लटकतो, आणि शिवाय ठाणे जिल्ह्यात जातो.

सांदण दरीत तर लॉगरचा धीरच सुटतो. दोन्ही बाजूंना उभे कातळ, वर आकाशाची एक पट्टी. दिसतील तेवढेच उपग्रह, आणि त्यांच्याही लहरी भिंतींवर आपटून वळसा घालून येणार. घरी येऊन ट्रॅक उघडावा, तर सगळा ग्रुप साम्रदच्या कातळातून आरपार चाललेला. ते पाहून काका गप्प बसतात, आणि दोर न वापरता पार झाल्याबद्दल बाकीचे स्वतःचं अभिनंदन करून घेतात.

उलट, माणूस जागचा हलला नाही तरी लॉगर हलतो. छपराखाली किंवा झाडाखाली ठेवलेली डबी जागच्या जागी चुकत राहते: आता इथे, आता चार मीटर तिकडे, आता पुन्हा इथे. ती हे सगळं प्रामाणिकपणे लिहिते आणि सॉफ्टवेअर तितक्याच प्रामाणिकपणे त्याची बेरीज करतं. राजगडावर पद्मावतीच्या देवळात मुक्काम केला आणि लॉगर बंद करायचा राहिला, तर सकाळी काकांच्या नावावर रात्रीचे तीन-चार किलोमीटर लागलेले असतात. त्या रात्रीत काका कूससुद्धा बदलत नाहीत, हे घोरणं ऐकत जागे राहिलेले सगळे साक्षीदार सांगतील. पण व्हॉट्सअ‍ॅपवर आकडा जातो तो बेरजेचा. ‘दोन दिवसांत एकूण एवढे किलोमीटर!’ खाली अंगठ्यांची रांग.

किलोमीटरचा विषय निघालाच आहे, तर गावच्या मापाबद्दलही सांगायला हवं. वाटेत भेटलेल्या मामांना विचारावं, “मामा, गड अजून किती लांब?” उत्तर ठरलेलं: “ह्ये काय, आलंच की!” लॉगरच्या मते हे ‘आलंच’ कधी एक किलोमीटर असतं, कधी चार. काकांनी याची सरासरी काढायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. मामा अंतर सांगतच नसतात. समोरच्या माणसाच्या तोंडाकडे बघून त्याला किती खरं झेपेल, तेवढंच सांगतात. एवढी सोय अजून कुठल्याही यंत्रात आलेली नाही.

उंचीचं प्रकरण याहून नाजूक. जीपीएस उंची मोजतं ती पृथ्वीच्या एका गणिती, गुळगुळीत आकारापासून. खरा समुद्र त्या आकाराला जुमानत नाही. गुरुत्वाकर्षण कमी-जास्त असेल तसा तो वरखाली होतो. आणि या बाबतीत आपण जगातल्या सगळ्यात खोल खळग्याच्या काठावर राहतो. श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागराची पातळी त्या गणिती आकाराच्या शंभरेक मीटर खाली आहे, आणि त्या खळग्याचा उतार आपल्या किनाऱ्यापर्यंत येतो. ज्या लॉगरला ही दुरुस्ती येत नाही, त्याच्या मते गिरगाव चौपाटीवर भेळ खाणारा माणूस साठ-पासष्ट मीटर पाण्याखाली असतो. हाच लॉगर कळसूबाईवर नेला तर १,६४६ मीटरचं शिखर पंधराशेऐंशीच्या घरात दाखवतो. महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर असं एका दिवसात साठेक मीटरनं खाली आलेलं पाहून ग्रुपमधल्या बागलाणच्या सभासदाच्या अंगात बळ येतं. “आमचा साल्हेर १,५६७ आहे म्हटलं,” तो बजावतो, “आणि तोही अजून मोजलेला नाही तुमच्या डबीनं!” आता त्याला कोणी सांगावं, की डबी साल्हेरलाही तेवढीच कात्री लावणार?

हे सगळं पाहिलं, की दीडशे वर्षांपूर्वीच्या एका लॉगरची आठवण येते. तो माणूस होता. कुमाऊँमधल्या जोहार खोऱ्यातले शाळामास्तर नैनसिंह रावत. तिबेट परक्यांना बंद होता आणि इंग्रजांच्या सर्वेक्षण खात्याला त्याचा नकाशा हवा होता, म्हणून नैनसिंहांना देहरादूनला एकाच मापाची पावलं टाकायला शिकवलं गेलं: साधारण दोन हजार पावलांचा एक मैल. हातात जपमाळ, पण १०८ मण्यांची नव्हे, शंभर मण्यांची. दर शंभर पावलांना एक मणी. फिरत्या प्रार्थनाचक्रात मंत्रांऐवजी नोंदींचे कागद, काठीत थर्मामीटर, कवड्यांत पारा. १८६५-६६ मध्ये ते यात्रेकरूच्या वेषात ल्हासाला पोचले. पाणी किती तापमानाला उकळतं यावरून त्यांनी उंची काढली, ताऱ्यांवरून अक्षांश काढला, आणि हजार मैलांहून जास्त वाट अशी मोजून आणली. १८७७ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीनं त्यांना सुवर्णपदक दिलं. त्यांना बॅटरी लागली नाही, झोपेत एकही किलोमीटर वाढला नाही, आणि जवळ एकही फोटो नसताना आपण कुठे होतो हे ते आयुष्यभर सांगू शकत होते, कारण त्यातलं प्रत्येक पाऊल त्यांनी स्वतः मोजलं होतं. आपण मोजायचं काम डबीकडे दिलं आणि त्या मोकळ्या झालेल्या डोक्यानं काय केलं, तर ‘संध्याकाळी भजी की मिसळ’ यावर चर्चा.

तरी डबीची खरी करामत घरी, कॉम्प्युटरवर दिसते. सिग्नल न मिळालेले फोटो काही सॉफ्टवेअर शून्य अक्षांश, शून्य रेखांशावर नेऊन ठेवतात. ही जागा आफ्रिकेच्या पश्चिमेला, गिनीच्या आखातात, भर समुद्रात आहे. तिथे हवामान मोजणारा एक तरंगता बोया ठेवलेला होता, आणि त्या जागेभोवती जगभरातल्या हरवलेल्या फोटोंचं संमेलन भरलेलं असतं. त्यात आमच्या ग्रुपची पिठलं-भाकरीसुद्धा आहे. याहून थंड प्रकार म्हणजे अक्षांश-रेखांशांची अदलाबदल. राजगड साधारण १८.२५ उत्तर, ७३.६८ पूर्व. हे आकडे हातानं भरताना उलटे पडले, तर गड नॉर्वेच्याही उत्तरेला, बेअर बेटाच्या अलीकडे, बर्फाळ समुद्रात जातो. पद्मावती तलावाच्या काठावर बनियनवर बसून काढलेला फोटो तिथे पाहिला, की आपल्याच मंडळींविषयी आदर वाटतो.

कधीकधी जागा बरोबर लागते आणि तीच अडचण होते. जॉन मॅकॅफी हे अँटिव्हायरसच्या धंद्यातलं बडं नाव. २०१२च्या अखेरीस बेलीझचे पोलीस त्यांना चौकशीसाठी शोधत होते आणि ते गायब होते. एका मासिकाच्या वार्ताहरानं त्यांच्यासोबतचा फोटो थाटात प्रसिद्ध केला. फोटोच्या पोटात अक्षांश-रेखांश तसेच राहिले होते. सगळ्या जगाला कळलं की साहेब ग्वाटेमालात आहेत, आणि काही दिवसांतच ते तिथल्या पोलिसांच्या ताब्यात गेले. आपल्याकडची प्रकरणं यापेक्षा साधी असतात. ऑफिसला ‘ताप आहे’ असं कळवलेल्या माणसाचा त्याच दिवशीचा फोटो हरिश्चंद्रगडावर सापडतो, इतकंच. पण डोंगराला हे साधं पडत नाही. कुठल्याशा कड्यावर फुललेल्या कंदीलपुष्पाचा किंवा गिधाडाच्या घरट्याचा फोटो जागेसकट सगळीकडे गेला, की पुढच्या रविवारी तिथे मोटारसायकलींची रांग लागते, आणि त्याच्या पुढच्या रविवारी बघायला काही उरत नाही.

आता इतकं सगळं सांभाळलं, असं समजा. घड्याळ लावलं, साडेपाच तास जुळवले, सिग्नल चोख मिळाला, एकही फोटो समुद्रात गेला नाही. दिवाळीत टीव्हीवर नकाशा उघडला. काकांनी विजयी मुद्रेनं राजगडावर बोट ठेवलं आणि पहिलाच फोटो उमटला. तो तोरण्याचा होता.

कारण उघड आहे. तोरण्याचा सगळ्यात देखणा फोटो मिळतो राजगडाच्या संजीवनी माचीवरून. राजगडाचा सगळ्यात देखणा फोटो मिळतो तोरण्यावरून. किल्ल्यावर उभं राहून किल्ला दिसत नाही. दिसतो तो समोरचा. लॉगर लिहितो कॅमेरा कुठे होता ते. त्यामुळे काकांच्या संग्रहात तोरण्याचे सगळे उत्तम फोटो राजगडात आहेत आणि राजगडाचे तोरण्यात. कॅमेरा कुठल्या दिशेला रोखला होता आणि समोरची वस्तू कुठे आहे, यासाठीही फोटोच्या नोंदीत रकाने असतात. लॉगर ते भरू शकत नाही. त्याला आपण कुठे उभे होतो ते कळतं, कुठे बघत होतो ते कळत नाही. आणि फोटो तर बघितल्याचाच असतो.

म्हणजे भांडण मिटलं नाहीच. त्याचा विषय तेवढा बदलला. पूर्वी ‘हा फोटो कुठून काढला’ यावर व्हायचं, आता ‘फोटोत आहे काय’ यावर होतं. “हा सुळका लिंगाणा.” “लिंगाणा एवढा उजवीकडे कसा?” “मग उजवीकडे काय आहे?” टी-शर्ट आणि कुत्रं पुन्हा कामाला लागतात.

हा वाद कुठलाही उपग्रह सोडवत नाही. तो सोडवतात माचीवर गुरं घेऊन आलेले मामा. हातातली काठी न थरथरता एकेका शिखराकडे जाते: त्यो लिंगाणा, त्याच्या मागं रायगड, ह्यो इकडं रायरेश्वर. एकदा त्यांचं लक्ष काकांच्या डबीकडे गेलं.

“ह्यात काय हाय?”

“मामा, आम्ही आत्ता कुठे आहोत ते यात कळतं,” काकांनी समजावून सांगितलं.

मामांनी डबी उलटसुलट करून पाहिली आणि काळजीनं विचारलं, “म्हंजी, तुमास्नी ठावं न्हाई व्हय?”

तरीसुद्धा लॉगर घ्यावा असंच मी म्हणेन. गिर्यारोहणाच्या वस्तूंत इतकी हलकी, इतकी गप्प आणि वीस वर्षांनीही ‘आपण अमक्या दिवशी अमक्या घळीतून उतरलो’ हे छातीठोक सांगणारी दुसरी वस्तू नाही. फक्त तिच्यावर तिच्याच कामाचं ओझं टाका. निघताना घड्याळाचा एक फोटो काढा. सॉफ्टवेअरला साडेपाच तास आठवणीनं सांगा. फुलांचे, घरट्यांचे आणि आपल्या घराचे फोटो बाहेर पाठवण्याआधी त्यांच्या पोटातले आकडे पुसा. आणि समोर दिसणाऱ्या डोंगराचं नाव तिथल्या तिथे मामांना विचारून, फोटोच्या नंबरासह, एका साध्या वहीत लिहून ठेवा. ते काम उपग्रहांचं नाही, आपलं आहे. शेवटचं म्हणजे, घरी पोचलात की लॉगर बंद करा. पलंगाखालच्या मिसळीचा खुलासा करणं अवघड जातं.